कोरफडीचा पिवळा चीक आधी निथळू द्या

कोरफडीचं पान कापलं की लगेच गर काढू नका. बुंध्याजवळचं जुनं, जाड पान घ्या आणि कापलेली बाजू खाली करून 15 मिनिटं वाटीत उभं ठेवा. सालीलगतचा पिवळा चीक निथळेल. मग पान धुऊन काटेरी कडा आणि साल काढा. हा चीक भयंकर कडू, जहाल रेचक. काहींच्या त्वचेला खाजही सुटते. तोच आटवला की काळा बोळ. कोरफडीचं ‘अॅलो’ हे इंग्रजी नावही कडू रसाच्या अरबी शब्दाशी जोडतात. किरकोळ भाजलं तर आधी 20 मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा, नंतरच गर लावा. गरोदर बाईला मात्र कोरफड पोटात देऊ नका, कुणी कितीही सांगो.