अध्ययन अक्षमता असलेल्या मुलासाठी शाळेकडे सवलती कशा मागाव्यात

अध्ययन अक्षमता म्हणजे समज चांगली असूनही वाचन, लेखन किंवा गणितात सतत येणारी अडचण. तोंडी सगळे सांगणारे मूल लिहायला बसले की अडते, असे सांगत पालक शाळेत जातात, तेव्हा बहुधा ‘सराव वाढवा’ एवढेच उत्तर मिळते. म्हणून जाताना वह्या बरोबर न्याव्यात. ‘भ’ आणि ‘म’ किंवा ‘घ’ आणि ‘ध’ यांची अदलाबदल, गळलेल्या मात्रा, मोडलेली जोडाक्षरे, फळ्यावरून उतरवताना सुटलेल्या ओळी, हे सारे तारीखवार टिपून ठेवावे. ‘त्रेपन्न’ ऐकून ३५ लिहिणे मात्र एवढ्यावरून अक्षमतेचे लक्षण मानू नये. मराठीत एकक आधी उच्चारला जात असल्याने लहान वर्गांतली पुष्कळ मुले तिथे चुकतात. पाचवीतही तेच चालले असेल, तर टिपणात घ्यावे.

पहिली भेट वर्गशिक्षकांची घ्यावी आणि त्यांना वर्गात काय दिसते ते आधी ऐकावे. त्यानंतर मुख्याध्यापकांना पत्र द्यावे आणि आपल्या प्रतीवर शिक्का व तारखेसह पोहोच घ्यावी. तोंडी आश्वासन शिक्षक बदलले की विरून जाते. पत्रात ‘मुलाकडे लक्ष द्यावे’ असे मोघम लिहू नये. फळ्यावरचा मजकूर छापील मिळावा, सर्वांसमोर मोठ्याने वाचायला लावू नये, इतिहास-विज्ञानाच्या उत्तरांत शुद्धलेखनाचे गुण कापू नयेत, अशा दोन-तीनच नेमक्या मागण्या कराव्यात.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील कलम १६ नुसार सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळांनी अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखून योग्य उपाय करायचे आहेत, त्यामुळे ‘आमची शाळा खासगी आहे’ ही सबब चालत नाही. परीक्षेतील जादा वेळ, लेखनिक (मूल सांगेल ते उत्तर लिहून देणारी व्यक्ती), तसेच दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट यांचा उल्लेख कलम १७ मध्ये आहे. पत्रात ही कलमे जरूर लिहावीत, पण शेवटच्या परिच्छेदात; पहिल्याच ओळीत कायदा आला की शाळा बचावात जाते.

वर्गातल्या साध्या मदतीसाठी अध्ययन अक्षमतेच्या प्रमाणपत्राची वाट पाहू नये. बोर्डाच्या सवलतींसाठी मात्र ते लागते आणि तपासणीला बऱ्याच फेऱ्या होतात, तेव्हा दहावीचे वर्ष उजाडेपर्यंत थांबणे महागात पडते. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रमाणपत्र वयाच्या आठव्या वर्षापासून मिळत असे आणि १४ व १८ व्या वर्षी फेरतपासणी होत असे; २०२४ मध्ये त्या सूचनांच्या जागी नव्या सूचना आल्या, म्हणून सध्याचा नियम तपासणीच्या ठिकाणी विचारून घ्यावा. मूल मराठी माध्यमात असेल, तर वाचन-लेखनाची चाचणी मराठीतूनच व्हावी असा आग्रह धरावा. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने विकसित केलेली ‘डाली’ ही चाचणी मराठीतही उपलब्ध आहे.

लेखनिक मंजूर झाला, तरी त्याला उत्तर सांगणे हे वेगळेच कौशल्य असते. मूल घाईने सलग बोलत सुटते, लेखनिक मागे पडतो आणि मूल बावरते. वाक्य संपवून थांबणे, लिहिलेले वाचून दाखवायला सांगणे आणि मगच पुढे जाणे ही सवय शाळेच्या सहामाही परीक्षेतच लागावी, म्हणून लेखनिकाची सोय त्या परीक्षेपासूनच पत्रात मागून ठेवावी.