एजंटशी काय बोलायचं, किती बोलायचं आणि काय लिहून घ्यायचं

घर बघायला सुरुवात केली की बरेच जण एजंटला पहिल्याच फोनवर सांगतात "बजेटमध्ये काहीतरी चांगलं दाखवा" आणि मग महिनाभर नको ती घरं बघत फिरतात, वैतागतात, एजंटला नावं ठेवतात. पण त्याला नेमकं काय हवंय ते सांगितलेलंच नसतं ना.

म्हणून आधी घरातल्या सगळ्यांनी बसून दोन गोष्टी ठरवा, कशाशिवाय चालणारच नाही आणि काय नसलं तरी भागेल. आणि एजंटला सांगताना कारणासकट सांगा. "लिफ्ट पाहिजे" एवढंच म्हणू नका, "आईला जिने चढवत नाहीत" असं सांगा, मग तळमजल्यावरचं एखादं घर आलं तर तो स्वतःहून विचारेल. नवरा एक सांगतोय आणि बायको दुसरंच, असंही नको, एजंटशी बोलायला एकच जण ठेवा.

आता पैशाचं. बजेट सांगायच्या आधी त्याला सरळ विचारा, तुम्ही कुणाच्या बाजूने आहात, कमिशन माझ्याकडून घेणार की समोरच्या पार्टीकडून की दोघांकडून? यात लाजायचं काहीच नाही, चांगला एजंट लगेच सांगतो. तो दोन्हीकडचा असेल तर तुमचा शेवटचा आकडा त्याला सांगू नका, जिथपर्यंत घरं बघायची आहेत तेवढीच रेंज सांगा. "आम्हाला दोन महिन्यांत घर खाली करायचंय" हेही नको, कारण घाई कळली की भाव करायची ताकद गेलीच. लोनची मंजुरी हातात असेल तर ते मात्र जरूर सांगा, पण किती रकमेची ते नाही.

एक हिशोब बघा. समजा कमिशन 2 टक्के आहे, तर तुम्ही विकताय त्या घराची किंमत 100 ने वाढली की एजंटला मिळणार 2 आणि तुम्हाला 98. त्या 2 साठी अजून महिनाभर थांबायला तो सहसा तयार नसतो, डील झाल्याशिवाय त्याला बहुतेक वेळा काहीच मिळत नाही. त्यामुळे "आता देऊन टाका, यापेक्षा जास्त येणार नाही" असं म्हणाला तर तो खोटारडा आहे असं नाही, पण विचारा की आजूबाजूला अशी घरं खरोखर कितीला विकली गेली? जाहिरातीतले आकडे नकोत, ते नुसते मागणीचे असतात.

विकणाऱ्यांना अगदी कळकळीने सांगते, गळती, घरावरचं कर्ज, भावाबहिणींचा हिस्सा, चालू असलेला वाद, हे सगळं एजंटला पहिल्याच भेटीत सांगा. कागदपत्रं तपासताना ते बाहेर येतंच, आणि तेव्हा आलं की घेणारा नुसता भाव पाडत नाही, त्याचा विश्वासच उडतो. आधी माहीत असलं तर एजंट तशीच पार्टी आणतो.

घर नाही आवडलं तर "कळवतो" म्हणून गप्प बसू नका. दोन ओळींचा मेसेज टाका, स्वयंपाकघर अंधारं आहे, रस्त्याचा आवाज फार आहे, म्हणजे पुढची घरं त्या हिशोबाने येतात. आवडलं तर मात्र मालकासमोर चेहऱ्यावर दाखवू नका, एजंटशी बाहेर आल्यावर बोला.

फोनवर जे ठरलं ते त्याच दिवशी मेसेज करून पाठवा, "आपलं असं बोलणं झालं, बरोबर ना?" आणि त्याचं हो घ्या. कमिशन किती, कधी द्यायचं, डील मोडली तर काय, घरासोबत काय काय मिळणार, सगळं. हा अविश्वास नाही हो, त्यालाही दहा पार्ट्या असतात, लक्षात राहत नाही.

दोन-तीन एजंट लावले असतील तर सगळ्यांना तसं सांगून टाका आणि कुठलं घर कुणी आधी दाखवलं ते तारखेसकट लिहून ठेवा, कारण एकच घर दोघांनी दाखवलं की कमिशन दोघंही मागतात. आणि एखादा म्हणाला की फक्त माझ्याकडेच द्या, तर सही करायच्या आधी मुदत किती आणि मधेच सोडायचं झालं तर काय, हे वाचा, आणि मुदत शक्यतो छोटीच ठेवा.