जुन्या पिकअपला मिटणारा स्टिअरिंग कॉलम कसा बसवावा

1950च्या दशकातल्या पिकअपमध्ये स्टिअरिंग व्हीलपासून स्टिअरिंग बॉक्सपर्यंत (चाके वळवणाऱ्या गिअरपेटीपर्यंत) बहुधा एकच अखंड पोलादी दांडा असतो आणि समोरून धडक बसली, तर तो थेट चालकाच्या छातीकडे सरकतो. दाब येताच स्वतःत मिटणाऱ्या कॉलमची, म्हणजे दांडा आणि त्याभोवतीच्या नळीची, सक्ती अमेरिकेत प्रवासी मोटारींना 1968 मध्ये झाली. घोडबंदर रस्त्यावर कंटेनरांच्या मधून गाडी न्यायची असेल, तर हा बदल करण्याजोगा आहे. मात्र केवळ स्टिअरिंगला प्ले (ढिलेपणा) आला म्हणून तो करू नये. आधी कॉलमच्या वरचा बुश (दांड्याला आधार देणारी कडी) आणि बॉक्सची हालचाल चाकांपर्यंत नेणाऱ्या ड्रॅग लिंक व टाय रॉड या दांड्यांची टोके तपासावीत, कारण पुष्कळदा दुखणे तिथेच असते.

त्यानंतर कागदपत्रे पाहावीत. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरबदल करता येत नाही, म्हणून ठाण्याच्या किंवा नवी मुंबईच्या आरटीओकडे आधीच लेखी विचारणा करावी. गाडी पन्नास वर्षांहून जुनी असून तिला 2021 च्या नियमांप्रमाणे विंटेज गाड्यांच्या ‘व्हीए’ मालिकेतला क्रमांक घ्यायचा असेल, तर मूळ स्वरूप जपलेले बरे. तसेही त्या क्रमांकाची गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही.

आता मोजमाप. सीटवर नेहमीसारखे बसून व्हीलच्या केंद्राचे सीटपासूनचे आणि डॅशबोर्डपासूनचे अंतर लिहून ठेवावे, दांड्याचा कल मोजावा आणि पुढची चाके सरळ असताना व्हील व दांडा या दोन्हींवर पंचाने खूण करावी. बॅटरी सोडवूनच हॉर्नच्या तारेला हात लावावा. जुन्या गाड्यांत ती अनेकदा दांड्याच्या पोकळीतून जाते. व्हील पुलरनेच (ओढून काढायच्या अवजारानेच) काढावे. व्हील निघेना की दांड्याच्या डोक्यावर हातोडा घालायचा, ही गॅरेजमधली जुनी सवय मिटणाऱ्या कॉलमच्या बाबतीत घातक ठरते, कारण अशा पुष्कळ कॉलमांतला दांडा दोन तुकड्यांचा असून ते तुकडे प्लास्टिकच्या बारीक पिनांनी जागी धरलेले असतात. दोन ठोक्यांत पिना तुटतात आणि बाहेरून काहीही दिसत नाही. म्हणून भंगारातला कॉलम घेताना दांडा लांबीच्या दिशेने ओढून आणि दाबून पाहावा. जरा जरी सरकला तरी तो घेऊ नये.

निवडलेला कॉलम डॅशबोर्डखाली दोरीने टांगावा आणि तिथून बॉक्सपर्यंत पीव्हीसी पाइपचे तुकडे धरून दांड्याचा मार्ग ठरवावा. क्लच आणि ब्रेक पूर्ण दाबून बूट कुठे अडतो का ते पाहावे. मी एकदा हे विसरलो आणि तयार झालेला ब्रॅकेट कापावा लागला. ब्रॅकेट कॉलमच्या मिटणाऱ्या भागाला आवळणार नाही, याची काळजी घ्यावी.

जुन्या दांड्याचा आणि बॉक्समधल्या वर्मचा (स्क्रूसारख्या गिअरचा) एकच तुकडा असेल, तर तो कापल्यावर परतीची वाट उरत नाही. शक्य असल्यास दुसरा बॉक्स मिळवून तोच कापावा. वागळे इस्टेट किंवा रबाळ्याच्या अनुभवी टर्नरकडून कापलेल्या दांड्याचे टोक लेथवर उतरवून, मिलिंगवर दोन बाजूंनी सपाट करून घ्यावे. वेल्डिंगने जोडलेला दांडा कितीही सुबक दिसला तरी मला मान्य नाही.

कॉलम आणि बॉक्स यांमधला दांडा दोन युनिव्हर्सल जॉइंटनी (कोनातही फिरणाऱ्या सांध्यांनी) जोडावा. प्रत्येक जॉइंटचा कोन तीस अंशांच्या आत आणि दोन्हींचा सारखा असावा, तसेच मधल्या दांड्यावरचे जॉइंटचे दोन्ही काटे एका रेषेत असावेत. नाहीतर व्हील फिरवताना हाताला कधी जड, कधी हलके लागते. तिसरा जॉइंट घ्यावाच लागला, तर मधल्या दांड्याला चासीवरून बेअरिंगचा आधार हवा. जॉइंटला दांड्यावर धरणाऱ्या ग्रब स्क्रूच्या (बिनडोक्याच्या स्क्रूच्या) टोकासाठी दांड्यात उथळ खळगा पाडावा, थ्रेडलॉक (आटे धरून ठेवणारा द्रव) लावून स्क्रू आवळावा आणि वर चेकनट (स्क्रू सैल होऊ न देणारा नट) बसवावा.

पुढची चाके जॅकवर उचलून व्हील एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावे. कुठेही अडखळता कामा नये. बटण सोडल्यावरही हॉर्न वाजत राहत असेल, तर तार घासली जात आहे. शेवटी प्रत्येक चेकनटवरून दांड्यापर्यंत पांढऱ्या रंगाची रेघ ओढावी, मोकळ्या मैदानात गाडी हळू चालवावी आणि परत आल्यावर टॉर्च घेऊन खाली वाकून पाहावे: रेघ तुटलेली दिसली, तर तो नट सैल झाला आहे.