रंगवून झाल्यावर विचारू नका

शाळेत माझ्या वह्यांची शेवटची पानं चित्रांनी भरलेली असायची. मग अकरा वर्षं काहीच काढलं नाही. परत सुरुवात केली ती थेट संगणकाला जोडून पेनाने चित्र काढायच्या बिनस्क्रीनच्या टॅब्लेटवर. हात खाली, नजर समोर, आणि साधी रेघसुद्धा हवी तिथे पडेना. आपलं गेलं ते गेलंच, असं रोज वाटायचं. तसं होत नाही. हाताला सवय लागते, थोडे आठवडे द्या. एक मात्र तपासा. टॅब्लेटच्या लांबी-रुंदीचं प्रमाण १६:१० आणि स्क्रीनचं १६:९ असेल, तर सेटिंगमध्ये प्रमाण कायम ठेवा. नाहीतर वर्तुळ थोडं लंबगोल उमटतं आणि आपण हाताला दोष देत बसतो.

लेयर (चित्राचे एकावर एक थर), ब्रश, अनडू तुम्हाला माहीत असणारच. मला बोलायचंय ते अभिप्रायाबद्दल, कारण माझे सात महिने तिथे वाया गेले.

तीन-तीन आठवडे मी एकाच चेहऱ्यावर बसायचे. ४०० टक्के झूम करून पापणीचा केसन् केस काढायचे. सगळं रंगवून झालं की विचारायचे, "कसं वाटतंय?" उत्तर यायचं, "छान!" एकदा एका ताईने विचारलं, "याचं कच्चं रेखाटन आहे का?" मी तो लेयर उघडला. ती म्हणाली, "डोळे कपाळावर चढलेत गं."

मोठ्या माणसाचं डोकं टाळूपासून हनुवटीपर्यंत मोजलं, तर डोळे साधारण मध्यावर येतात. कपाळ आणि त्यावरची कवटी आपल्याला महत्त्वाची वाटत नाही, म्हणून ती आखूड काढली जाते आणि डोळे वर सरकतात. रेखाटनात ही चूक पाच मिनिटांत सुधारते. रंगवल्यावर मात्र डोळे खाली घ्यायचे तर नाक, कान, सावल्या सगळंच उकरावं लागतं. शिवाय तोवर जीव इतका गुंतलेला असतो की आपण वाद घालतो. "माझी शैलीच तशी आहे," असं मीही म्हटलं होतं. समोरच्यालाही आपले कष्ट दिसतात, मग तोही मूळ दोष सोडून "केस जरा गडद कर" एवढंच सांगतो. म्हणून पुन्हा सांगते, कच्चं असतानाच दाखवा. लाज वाटेल इतकं कच्चं. मग नुसत्या करड्या छटांत छायाप्रकाश मांडून पुन्हा दाखवा. रंग त्यानंतर.

आणि "कसं वाटतंय?" हा प्रश्न सोडा. "मान खांद्यांवर नीट बसलीये का?", "उजेड डावीकडून येतोय असं दिसतंय का?" असं विचारा. संदर्भाचा फोटो सोबत ठेवा, नाहीतर समोरचा अंदाजाने बोलतो.

दाखवण्याआधी चित्र आरशातल्यासारखं डावं-उजवं उलटवून बघा. क्रिता या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये 'एम' दाबलं की होतं, मूळ चित्र बदलत नाही. सरावलेल्या नजरेला न दिसलेला तिरकेपणा लगेच उघडा पडतो. लिओनार्दो दा विंचीनेही आपल्या टिपणांत चित्रकारांना काम आरशात पाहायला सांगितलं होतं.

नवनवे ब्रश गोळा करू नका. एक कडक गोल ब्रश वर्षभर पुरतो. मऊ एअरब्रशने तर माझे सगळे चेहरे उशीसारखे फुगायचे. मार्गदर्शक म्हणाल तर, तुमच्या चित्रावर स्वतःच सगळं काढून देणाऱ्यापेक्षा तुमच्याहून दोन पावलं पुढे असलेला मला जास्त भरवशाचा वाटतो. आपण कुठे अडखळलो होतो ते त्याला ताजं आठवतं.

टीका वाचून रात्री झोप लागणार नाही, हे खरंय. मला अजूनही पोटात खड्डा पडतो. दुसऱ्या दिवशी परत वाचा, निम्मी धार गेलेली असते.

परवा एका हाताचं रेखाटन दाखवलं. अंगठा मनगटाजवळून निघायला हवा, मी तो तर्जनीच्या बुडाशी चिकटवला होता. खोडून पुन्हा काढायला दोन मिनिटं लागली.