ग्रहांचे आकार आणि कक्षांमधलं अंतर : या चुका टाळा

ग्रह मोठा असला की शेजारच्या कक्षेपर्यंतची फटही मोठी असते का, हे तपासताना सगळ्यात जास्त डोकं उठवणारी चूक म्हणजे फटी किलोमीटरमध्ये मोजणं. आमच्या दारव्ह्याकडची पोट्टी नासाचा बाह्यग्रहांचा, म्हणजे दुसऱ्या ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांचा, तक्ता मोबाईलवर उतरवतात, शेजारच्या कक्षांची वजाबाकी करतात आणि आलेख काढून मोकळी होतात. वेचणीच्या दिवसांत एक जण असाच केप्लर-९० घेऊन आला. "सर, जमलं ना! ग्रह जेवढा मोठा, फट तेवढी मोठी." त्या ताऱ्याचे आतले ग्रह पृथ्वीच्या सव्वापट त्रिज्येचे, शेवटचा अकरापट. पण बाप्पा, सगळे ग्रह एकाच मापाचे असते तरी बाहेरच्या फटी किलोमीटरमध्ये मोठ्याच निघाल्या असत्या! त्याला आवर्तकाळांचं, म्हणजे ताऱ्याभोवती एका फेरीला लागणाऱ्या वेळांचं, गुणोत्तर काढायला लावलं. ८.७ आणि १४.४ दिवसांचे दोन चिमुकले : १.६६. २१०.६ आणि ३३१.६ दिवसांचे दोन अगडबंब : १.५७. नियम गायब. पोट्टं दोन दिवस फुगून होतं.

मी कायम गुणोत्तरच घेतो. आवर्तकाळ दुप्पट म्हणजे अंतर १.५९ पट, केप्लरचा तिसरा नियम.

दुसरी चूक हुशार पोरांची. त्यांना हिल त्रिज्या सापडते, म्हणजे ग्रहाच्या गुरुत्वाची हद्द. कपाशीची दोन झाडं किती लांब लावायची हे वाण केवढं पसरतं त्यावर ठरतं, तसंच हे. पण हिल त्रिज्येला वस्तुमान लागतं आणि अधिक्रमणातून, म्हणजे ग्रह ताऱ्यासमोरून जाताना, मिळतो फक्त आकार. मग आकारावरून वस्तुमान अंदाजायचं, त्यावरून काढलेल्या हिल त्रिज्येने अंतर भागायचं, आणि ते पुन्हा आकारासमोरच मांडायचं! दोन्ही अक्षांवर त्रिज्याच बसली, उतार आपोआप येणार. मी त्रिज्या ग्रहांमध्ये उलटसुलट वाटून तोच आलेख परत काढतो. उतार तरीही दिसला, तर शोधबिध काही नाही. कंटाळवाणं काम आहे. घाई असणाऱ्यांनी क्रिकेट पाहावं.

एका ग्रहमालेवरून नियम काढू नका. २०१८ मध्ये खगोलशास्त्रज्ञ लॉरेन वाइस आणि सहकाऱ्यांनी ३५५ ग्रहमालांमधले ९०९ ग्रह तपासले, तेव्हा म्हणता आलं की एका ताऱ्याचे शेजारी ग्रह साधारण सारख्या मापाचे असतात आणि लहान ग्रह जास्त दाटीने बसतात. तरी केप्लर-३६ हा तारा आहेच : १३.८ आणि १६.२ दिवसांचे शेजारी, एक पृथ्वीच्या दीडपट, दुसरा पावणेचारपट.

मोठी फट दिसली म्हणजे ती रिकामीच असं नाही. केप्लर-९० चा तो १४.४ दिवसांचा ग्रह २०१७ मध्ये सापडला, तोवर तिथं मोकळं रान होतं.

ताऱ्याची त्रिज्या जुन्या यादीतून उचलू नका. ती चुकली की त्याच्या सगळ्या ग्रहांचे आकार एकाच पटीने चुकतात. म्हणून मी आधी एकाच ताऱ्याचे शेजारी एकमेकांशी ताडून पाहतो. त्यांच्या आकारांचं गुणोत्तर ताऱ्याच्या चुकीनं बिघडत नाही.