कोकणात पायाचा चर खणताना कड कोसळू नये म्हणून काय करावं

घर बांधायला काढलं की सुरक्षेचा पहिला सल्ला मिळतो तो हेल्मेटचा. हेल्मेट घालाच. गमबूट घाला, सिमेंट कालवणाऱ्याला रबरी हातमोजे द्या. यावर लिहीत बसायचं कारण नाही. रत्नागिरी-राजापूर पट्ट्यात वीसेक वर्षं साइटी सांभाळल्यावर मला धास्ती वाटते ती खणण्याच्या कामाची: पायाचा चर, सेप्टिक टँकचा खड्डा, संरक्षक भिंतीसाठी कापलेला उतार. परांचीवर चढताना गडी स्वतःच जपून चढतो. छातीएवढ्या खड्ड्यात उतरताना कुणी जपत नाही.

त्यात आपल्याकडचा सगळ्यात घातक सल्ला म्हणजे "जांभा आहे, काही होत नाही." जांभा दगडाचे चिरे कापतात त्या खाणींच्या सरळ भिंती वर्षानुवर्षं उभ्या दिसतात, म्हणून हे डोक्यात पक्कं बसलंय. पण खाण असते सड्यावरच्या, म्हणजे डोंगरमाथ्याच्या पठारावरच्या, अखंड कातळात, आणि घर असतं वाडीत, उताराला. तिथे वर हात-दोन हात तांबडी माती, मग सुटे धोंडे, कुठे मागच्या पिढीने जागा सपाट करताना टाकलेला भराव. जांभ्याच्या थराखाली बऱ्याच ठिकाणी पांढरट-पिवळसर मऊ माती लागते. सुकी असताना ती घट्ट वाटते, पाणी मुरलं की साबणासारखी निसटते.

मी हे शिकलो ते एका मे महिन्यात. मिरगाआधी पाया वर काढायची घाई होती आणि रात्री वळीव पडून गेला होता. सकाळी चराच्या कडेपासून दोन वितींवर, चराला समांतर, दोऱ्याएवढी भेग दिसली. वरची माती उन्हाने तडकली असेल असं समजून मी पुढे गेलो. तासाभराने आत बारीक खडे टपटप पडायला लागले आणि वर बघेपर्यंत अख्खी कड सुटली. आतला बिगारी कमरेपर्यंत गाडला गेला. चर पुरुषभरही खोल नव्हता. त्याला मोकळं करायला पाऊण तास लागला. त्या वेळी तो वाकलेला असता तर हाती लागला नसता. भेग दिसूनही माणूस खाली ठेवला, ही चूक माझी होती.

एक घनमीटर ओली माती जवळपास दोन टन भरते. म्हणजे दोन मीटर लांब, दीड मीटर उंच आणि फूटभर जाड कड सुटली तर दीड टनाहून जास्त वजन अंगावर येतं. तोंड उघडं राहिलं तरी छाती दाबली गेली की श्वास घेता येत नाही.

म्हणून खणायला लागल्यावर आधी माती ओळखा. ताजं काढलेलं ढेकूळ घ्या आणि अंगठा दाबा. सगळा जोर लावूनही नुसता वळ उठला तर माती घट्ट. अंगठा सहज आत गेला तर ती कड उभी राहणार नाही, मग मुकादम काहीही म्हणो. ही परीक्षा प्रत्येक थराला करा, वरच्या एका ढेकळावर निकाल देऊ नका.

खोली दीड मीटरला पोचली की कड उभी ठेवायची नाही. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या सुरक्षा नियमांतही हीच मर्यादा आहे: एकतर उतार द्या, नाहीतर लाकडी आधार. मी तांबड्या मातीत जेवढी खोली तेवढा बाहेर उतार देतो, भरावात किंवा ओल्या मातीत दीडपट. मालक हमखास कुरकुरतात, जागा जाते, जेसीबीचे तास वाढतात. तिथे मी ऐकत नाही. शेजाऱ्याचा गडगा, म्हणजे दगड रचून केलेलं कुंपण, जवळ असल्यामुळे उताराला जागाच नसेल तर दोन्ही बाजूंना उभ्या फळ्या, त्यांवर आडवे वासे आणि मध्ये पाचर ठोकून घट्ट केलेले टेकू द्या. आधार वरून खाली बसवत जायचा, आधार नसलेल्या भागात उतरून नाही. आणि गडगा कडेच्या अगदी लगत असेल तर आधी तो उतरवून घ्या, नंतर पुन्हा रचता येतो.

खालून पोखरून वरची माती आपोआप पाडायची सवय कित्येक गड्यांना असते. ती पहिल्याच दिवशी बंद करा. खणायचं वरून खाली. काढलेली माती आणि चिऱ्यांचे ढीग कडेपासून दीड मीटर लांब. चर तीन मीटरपेक्षा खोल असेल तर खोलीच्या निम्मं अंतर. डंपर त्याहून लांब थांबवा. शिडी आतच उभी ठेवा, वर मीटरभर निघालेली, म्हणजे पळायची वेळ आली तर कुणाला हात मागावा लागणार नाही.

रोज सकाळी, आणि पावसाची सर गेल्यावर प्रत्येक वेळी, कुणी उतरायच्या आधी कडेने चालत जा. भेग, फुगलेली माती, नवा पाझर, खाली पडलेले ताजे खडे बघा. भेगेच्या दोन्ही बाजूंना खिळे ठोकून अंतर मोजून ठेवलं तर ती वाढतेय का ते कळतं. पण ते कळेपर्यंत आत कुणी नको. वरचं पाणी चरात येऊ नये म्हणून डोंगराच्या बाजूने छोटा पाट काढून द्या.

इतकं करूनही कड आलीच तर बाकीच्यांना उडी मारू देऊ नका, दुसरी कडही येऊ शकते. जेसीबी बंद करा, 108 ला फोन लावा. सुरक्षित बाजूने फळ्या टाकून, हाताने आणि घमेल्याने आधी तोंड आणि छाती मोकळी करा. हात धरून ओढू नका.

बाकीचं थोडक्यात. काँक्रीटचा व्हायब्रेटर आणि पंपाच्या लाइनला 30 मिलिअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच प्रवाह तोडणारं स्विच, हवंच. खाडीलगत लोखंडी परांचीचे क्लॅम्प खाऱ्या हवेने गंजतात, नटबोल्ट तपासून घ्या. गेल्या पावसाळ्यातले भुंगा लागलेले बांबू जाळून टाका. चिऱ्यांच्या ढिगात फुरसं असतं, तळचा चिरा पहारीने हलवा.

काम झाल्यावर टेकू खालून वर काढत या, जेवढा काढला तेवढी माती भरून चोपत. सेप्टिक टँकचा खड्डा रात्री उघडा राहणार असेल तर भोवती बांबू बांधा आणि पायवाटेच्या बाजूला दिवा लावा. वाडीतली पोरं आणि गुरं त्याच वाटेने येतात.