दहावीचं इंग्रजी: मराठी शाळेतून आलेल्या मुलांसाठी

गोव्यात मराठी प्राथमिक शाळेत चौथी करून पाचवीला इंग्रजी माध्यमात गेलेली मुलं दहावीला पोचेपर्यंत वाचायला बऱ्यापैकी सरावलेली असतात. विज्ञान, भूगोल, इतिहास सगळं इतकी वर्षं इंग्रजीतूनच चाललेलं असतं. अडतं ते लिहिण्यात. वहीत जे इंग्रजी उतरलं ते फळ्यावरून नाहीतर नोट्समधून. स्वतःचं वाक्य जुळवायची पाळी क्वचितच आली. पेपरात अपठित उतारा, पत्र, निबंध आणि व्याकरण ह्यांना फळ्यावरचं काही उपयोगी पडत नाही. त्यामुळे वेळ तिथे घालायचा. बरीच मुलं ह्याच्या उलट करतात: पावसाळाभर धड्यांची उत्तरं घोकतात आणि पत्रलेखन पूर्वपरीक्षेच्या आदल्या आठवड्यात उघडतात. धडे शेवटच्या दीड महिन्यात होतात, वाक्यरचना होत नाही.

आधी एक काम करा. ह्या वर्षीचा प्रश्नपत्रिकेचा आराखडा, म्हणजे कुठल्या भागाला किती गुण ते, शाळेतून लिहून घ्या. गोवा बोर्डाचं स्वरूप अधूनमधून बदलतं, त्यामुळे थोरल्या ताईचं गाइड जपून ठेवलं असलं तरी गुणांच्या वाटणीसाठी त्याच्यावर विसंबू नका.

अपठित उताऱ्यात आधी प्रश्न वाचा, मग उतारा एकदा पेन खाली ठेवून, मग दुसऱ्यांदा पेन्सिलीने खुणा करत. गुण जातात ते बहुधा वाक्य जसंच्या तसं उचलल्यामुळे. समजा उताऱ्यात असं आहे: ‘द फेरी ॲट रायबंदर वॉज डिलेड बाय टू अवर्स. धिस लेफ्ट द ऑफिस-गोअर्स स्ट्रँडेड.’ आणि प्रश्न आहे, ‘व्हाय वेअर द ऑफिस-गोअर्स स्ट्रँडेड?’ ‘स्ट्रँडेड’ दिसला की मुलं दुसरं वाक्य उतरवून मोकळी होतात. पण त्यात कारण कुठे आहे? कारण ‘धिस’मध्ये दडलंय, आणि तो ‘धिस’ आधीच्या वाक्याकडे बोट दाखवतो. उत्तर हवं: ‘दे वेअर स्ट्रँडेड बिकॉज द फेरी वॉज डिलेड बाय टू अवर्स.’ उताऱ्यातल्या वाक्यात ‘ही’, ‘दे’, ‘धिस’, ‘सच’ असं काही दिसलं, की ते कोणाबद्दल आहे हे पेन्सिलीने वर लिहायची सवय लावून घ्या. काळ प्रश्नाचा तोच उत्तराचा. ‘व्हाय डिड’ विचारलं की उत्तर भूतकाळात.

समानार्थी शब्द शोधताना प्रश्नातला शब्द उताऱ्यात मिळालेल्या शब्दाच्या जागी बसवून बघा. वाक्य व्याकरणाने मोडलं तर शब्द चुकला. उत्तर लिहिताना शब्द उताऱ्यात ज्या रूपात आहे त्याच रूपात लिहायचा. शीर्षक मागितलं तर दोन ते पाच शब्द पुरे, वाक्य नको. सारांश लिहायचा असेल तर मूळ उताऱ्याच्या साधारण एक तृतीयांश: 150 शब्दांचा उतारा असेल तर 50 च्या आसपास. उदाहरणं, आकडे, अवतरणं आधी उडवा, राहील त्यातून लिहा.

व्याकरणात सगळ्या नियमांच्या मागे लागू नका. मराठी घरातल्या मुलांच्या चुका ठरावीक असतात आणि त्यांची कारणंही ठरावीक. ‘मी पाच वर्षांपासून म्हापशात राहतो’ हे मराठीत वर्तमानकाळात चालतं, म्हणून ‘आय ॲम लिव्हिंग इन मापुसा सिन्स फाइव्ह इयर्स’ लिहिलं जातं. तिथे दोन चुका आहेत. हवं ते ‘आय हॅव बीन लिव्हिंग इन मापुसा फॉर फाइव्ह इयर्स’. किती काळ ते सांगायचं तर ‘फॉर’, कधीपासून ते सांगायचं तर ‘सिन्स’: ‘सिन्स 2020’. ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ ही तशीच एक. मालकी, नातं, माहिती, आवड ह्यांच्या क्रियापदांना सहसा ‘आयएनजी’ लागत नाही.

‘डिड’ आला की भूतकाळ त्यानेच उचलला, पुढचं क्रियापद मूळ रूपात. ‘ही डिडन्ट वेन्ट’ चूक, ‘ही डिडन्ट गो’ बरोबर. हे सगळ्यांना पाठ असतं आणि तरीही घाईत चुकतं, म्हणून तपासताना ‘डिड’ शोधूनच बघायचा. ‘एस’चा घोळ असाच: ‘द बॉय प्लेज’, ‘द बॉइज प्ले’. साध्या वर्तमानकाळात नामाला ‘एस’ लागून अनेकवचन झालं की क्रियापदाला तो नसतो. दोन्हीकडे दिसला तर थांबा.

अप्रत्यक्ष कथनात प्रश्नाचा क्रम सरळ होतो. ‘ही आस्क्ड मी व्हेअर वॉज आय गोइंग’ नव्हे, ‘व्हेअर आय वॉज गोइंग’, आणि शेवटी प्रश्नचिन्ह नाही, पूर्णविराम. हो-नाहीचा प्रश्न असेल तर ‘इफ’ किंवा ‘व्हेदर’. ‘डिस्कस अबाउट’, ‘रीच टू पणजी’, ‘ऑर्डर फॉर अ बुक’ ह्यांतली मधली शब्दयोगी अव्ययं मराठीच्या ‘बद्दल’ आणि ‘ला’ मुळे शिरतात, ती काढायची. प्रयोगाच्या बाबतीत मात्र मराठी शाळेतली मुलं पुढे असतात. कर्तरी-कर्मणी त्यांना ठाऊक असतो. फक्त अकर्मक क्रियापदाचा पॅसिव्ह करू नका; ‘द ॲक्सिडेंट वॉज हॅपन्ड’ असं काही नसतं.

‘अ’ आणि ‘ॲन’ उच्चारावर ठरतात, अक्षरावर नाही: ‘ॲन अवर’, ‘ॲन एमएलए’, पण ‘अ युनिव्हर्सिटी’. नदीला ‘द’ लागतो, शहराला नाही: ‘द मांडवी’, ‘द झुआरी’, पण नुसतं ‘पणजी’.

पत्राचा सांगाडा शाळेत शिकवला असेल तसाच ठेवा आणि संपूर्ण पत्रात एकच पद्धत पाळा. पत्ता डावीकडे सुरू केला तर तारीख आणि सहीही डावीकडे. विषयाची ओळ म्हणजे वाक्य नव्हे: ‘इरेग्युलर बस सर्व्हिस ऑन द वाळपई रूट’ एवढं पुरे. ‘डिअर सर’ लिहिलं तर शेवटी ‘युअर्स फेथफुली’, नाव घेऊन सुरुवात केली तर ‘युअर्स सिन्सिअरली’. ‘युअर्स’मध्ये ॲपॉस्ट्रॉफी नसते. सही करताना स्वतःचं नाव, शाळा, गाव अजिबात नको. प्रश्नात जे नाव दिलंय तेच.

खरे गुण मजकुरात असतात. ‘बसेस वेळेवर येत नाहीत, कृपया लक्ष द्यावे’ एवढंच इंग्रजीत फुगवून अर्धं पान भरणारी पत्रं सगळी सारखीच दिसतात. तीन परिच्छेद करा. पहिल्यात तुम्ही कोण आणि तक्रार कशाची. दुसऱ्यात तपशील: कुठली बस, किती वाजताची, कधीपासून, त्यामुळे नेमकं काय होतं. तिसऱ्यात मागणी, तीही करता येण्याजोगी: सकाळी सातला आणखी एक फेरी, थांब्यावर वेळापत्रक. मराठी अर्जातली ‘नम्र विनंती’ इंग्रजीत ‘आय बेग टू स्टेट’ आणि ‘काइंडली डू द नीडफुल’ होऊन येते. ही भाषा आता जुनाट वाटते, शिवाय मोजक्या शब्दांतली जागा खाते. नमुना हवा तर नवहिंद टाइम्स किंवा हेराल्डमधली वाचकांची पत्रं वाचा. गावचा रस्ता, कचरा, वीज, भटकी गुरं, सगळे विषय तिथे येतात आणि लिहिणारे बहुतेक मुद्द्याला धरून असतात. आठवड्याला दोन पत्रं वाचून त्यातली एखादी तक्रार स्वतःच्या वाक्यांत लिहून काढली तरी चतुर्थी ते दिवाळी ह्या काळात हात बराच सुटतो. शब्दमर्यादेचा अंदाज आधीच घ्या: तुमच्या एका ओळीत किती शब्द बसतात ते मोजा. आठ बसत असतील तर 120 शब्द म्हणजे 15 ओळी. पेपरात शब्द मोजत बसायचं नाही.

धडे-कवितांबद्दल थोडंच. मूळ धडा वाचा, गाइडमधला सारांश नंतर. अलंकार ओळखताना नुसतं ‘सिमिली’ लिहून थांबू नका; कशाची तुलना कशाशी केलीय ते एका वाक्यात लिहा. उपमा, रूपक, चेतनगुणोक्ती, अनुप्रास मराठीत शिकलेले असतातच. अनुप्रास मात्र ध्वनीचा असतो, ‘सिटी’ आणि ‘कॅट’ इंग्रजीत एकाच ‘सी’ अक्षराने सुरू झाले तरी तो होत नाही.

चुकांची एक वेगळी वही करा. डाव्या पानावर तपासून आलेलं चुकीचं वाक्य, उजव्या पानावर दुरुस्त केलेलं, खाली चुकीचा प्रकार. महिन्याभरात दिसेल की तीन-चार प्रकारच पुन्हा पुन्हा येतात. परीक्षेच्या आदल्या रात्री एवढी वही पुरे.

वेळेचा हिशेब असा. समजा 80 गुणांना 3 तास आहेत, म्हणजे 180 मिनिटं. पहिली 5 पेपर वाचायला, शेवटची 15 तपासायला. उरली 160, म्हणजे गुणामागे 2 मिनिटं. 5 गुणांच्या पत्राला 10 मिनिटं, त्याहून जास्त नाही. तुमच्या पेपरवर वेळ वेगळी छापलेली असेल तर तसाच भागाकार करा. उतारा डोकं ताजं असताना घ्या. व्याकरण मध्ये, पण धावत नाही. शेवटच्या 15 मिनिटांत सगळं पुन्हा वाचू नका, कारण डोळा आपल्याच चुकांवरून घसरतो. आधी प्रश्नक्रमांक बघा. मग फक्त क्रियापदं बघत जा, मग पत्रातली तारीख, विषय आणि सही. रिकामी जागा राहिली असेल तर शेवटी तिथे काहीतरी लिहाच.